सोफ्यावरची माणसं

आखाजीला बहीण धुळ्याहून आली, आणि तिच्याबरोबर अर्थातच भाचाही. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर एकवेळ चालून जातं, पण आखाजी (म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया) चुकवून चालत नाही. पुरणाचे मांडे आणि आमरस झाला की दुपारी जळगावात करण्यासारखं काही उरत नाही. पारा ४४ वर, खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर. अशा वेळी भाच्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि जाहीर केलं, "मामा, आज सगळ्यांनी मिळून 'व्ही फॉर व्हेंडेटा' बघायचा."

मी मनात म्हटलं, आबा दहा मिनिटांत घोरायला लागतील आणि आई पापड उलटायला गच्चीवर जाईल. दोन्ही अंदाज चुकले. म्हणून तर हे लिहायला बसलो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवट सांगणार आहे, पुढे आपल्या जबाबदारीवर वाचावे!) अॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड या दोघांनी १९८२ पासून एका ब्रिटिश मासिकात ही चित्रकथा सुरू केली. मासिक बंद पडलं, कथा अर्धवट राहिली आणि १९८८-८९ मध्ये अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने ती पूर्ण करून छापली. २००६ मध्ये सिनेमा आला. इंग्लंडमध्ये हुकूमशाही आलेली आहे. रात्री संचारबंदी, घराघरातलं बोलणं ऐकणाऱ्या गाड्या, टीव्हीवर सरकारला हवी तीच बातमी. आणि तिथे 'व्ही' नावाचा एक माणूस गाय फॉक्सचा मुखवटा घालून सरकारच्या विरोधात उभा राहतो. हा फॉक्स म्हणजे ५ नोव्हेंबर १६०५ ला पार्लमेंटच्या तळघरात दारूच्या पिंपांसकट पकडला गेलेला इसम. व्ही टीव्ही केंद्राचा ताबा घेऊन लोकांना सांगतो की पुढच्या ५ नोव्हेंबरला पार्लमेंटसमोर या.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो २००६ च्या दिवाळीनंतर, जळगावातच, भाड्याच्या खोलीत, मित्राच्या संगणकावर. आम्ही पाच जण होतो. चाकूंची मारामारी आली की शिट्ट्या, इमारत उडाली की टाळ्या. शेवटी व्ही एका भुयारी रेल्वेत स्फोटकं भरतो आणि ती गाडी पार्लमेंटच्या खाली पाठवायची असते. तिथे आमच्यातला एक मालेगावचा मित्र उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. त्या वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले होते, आणि ८ सप्टेंबरला त्याच्या मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी. नंतर तो एवढंच म्हणाला, "गाडी रिकामी होती हे ठीक आहे रे, पण मला बघवत नव्हतं." आम्ही मग रात्रभर 'दहशतवादी की क्रांतिकारक' यावर वाद घातला. त्या वादात तो नव्हता. हे आज लिहिताना लक्षात येतंय, तेव्हा आलं नव्हतं.

असो. तर आखाजीची दुपार.

आईचा पहिला प्रश्न पाच मिनिटांत आला. "हाऊ तोंड कसाले झाकी राहिना?" (हा तोंड कशाला झाकतोय?) भाचा सरसावला. मुखवट्यामागे माणूस नसतो, विचार असतो, वगैरे. मग त्याने आजीला सगळं सांगितलं. अॅनोनिमस नावाच्या इंटरनेटवरच्या मंडळींनी २००८ मध्ये हाच मुखवटा घालून निदर्शनं केली, २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर तो दिसला, आणि जून २०१२ मध्ये आपल्या आझाद मैदानावरही इंटरनेटवरच्या बंधनांविरुद्ध तरुण पोरं तो घालून बसली होती. स्वारीने स्वतःसाठी एक मागवलाही आहे. मी मुद्दाम खोडी काढली, की बाबा रे, अधिकृत मुखवटा विकला गेला की त्याचा हक्काचा पैसा सिनेमा काढणाऱ्या त्याच बड्या कंपनीला जातो, आणि ज्याने कथा लिहिली त्या मूरने मात्र सिनेमावर आपलं नावही लावू दिलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, माझा डुप्लिकेट आहे." संपला विषय!

आबांनी तेवढ्यात भोवाड्याची आठवण काढली. त्यांची पहिली नोकरी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पलीकडच्या एका शाळेत. तिकडे भोवाड्यात रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. आबा म्हणाले, "तिथंही मुखवटा असतो. पण आत कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. सकाळी तोच माणूस आपल्या शेजारी बिडी ओढत बसतो."

मग ती तुरुंगाची गोष्ट आली. एव्ही नावाच्या मुलीला पकडतात, तिचं डोकं भादरतात, छळतात, व्हीचा पत्ता विचारतात. कोठडीच्या भिंतीतल्या भोकात तिला आधीच्या एका कैदी बाईने टॉयलेट पेपरवर लिहिलेलं पत्र सापडतं. ते वाचताना बहिणीने पदर डोळ्याला लावला. मुलगी मरायला तयार होते पण नाव सांगत नाही. आणि मग कळतं की हा तुरुंग खोटा होता, व्हीनेच तिला कोंडलं होतं, तिची भीती घालवायला म्हणून.

आई ताडकन म्हणाली, "म्हणजे यानेच पोरीचे केस कापले? मग त्या सरकारात आणि या मेल्यात फरक काय राहिला?"

भाच्याने समजावायचा प्रयत्न केला, पण त्याचं त्यालाच पटेना. खरं सांगतो, २००६ च्या त्या रात्रभराच्या वादात आम्हा चौघांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आम्हाला तो प्रसंग 'भारी' वाटला होता.

आबा गप्प होते. घोरत नव्हते, बघत होते.

या सिनेमात एक गंमत आहे, जी मला पहिल्यांदा कळलीच नव्हती. त्यात प्रेक्षकही आहेत. मध्येमध्ये एका घरातला सोफा दिसतो, त्यावर टीव्ही बघणारं कुटुंब. एक पब दिसतो, एक वृद्धाश्रम, एक चष्मेवाली लहान मुलगी. ही माणसं काहीच करत नाहीत. बातम्या बघतात, एकमेकांकडे बघतात, फार तर म्हणतात, हे खोटं आहे. शेवटी हुकूमशहा टीव्हीवर ओरडत असतो आणि समोर ऐकायला कोणी नसतं. सगळे मुखवटे घालून रस्त्यावर गेलेले असतात. पार्लमेंट उडतं, ते मुखवटे काढतात, आणि त्यांत ती चष्मेवाली मुलगीही दिसते, जिला आधीच गोळी घातलेली असते. मुखवटे घातलेली ही गर्दी मूळ पुस्तकात नाही, सिनेमावाल्यांनी घातली आहे.

सिनेमा संपला. भाच्याने विचारलं, "आबा, कसा वाटला? व्ही आवडला का?"

आबा म्हणाले, "मी त्या सोफ्याकडे बघत होतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दोघा भावंडांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा आबा साक्रीकडेच होते. त्यांच्या शाळेत आणखी एक मास्तर, सेवा दलातले, साने गुरुजींना मानणारे. खोलीही शेजारी शेजारी. या मास्तरांना एका पहाटे मिसाखाली उचललं आणि नाशिक रोडच्या तुरुंगात नेलं. कधी सुटणार ते सांगायला कोणी बांधील नव्हतं. मागे बायको आणि तान्हं मूल. "आठवडी बाजारात वहिनी समोरून यायच्या," आबा म्हणाले. "मी मेथीच्या जुड्या निवडत बसायचो. मान वर करायचो नाही. नवी नोकरी होती. कोणी तरी बघेल, नाव वर कळवेल, असं वाटायचं. मला कोणी धमकी दिली नव्हती रे. कोणी एक शब्द बोललं नव्हतं."

१९७७ मध्ये निवडणुका झाल्या, आणीबाणी उठली, मास्तर परत आले. सामान टाकून पहिल्यांदा आबांच्याच खोलीवर चहाला आले. तुरुंगातल्या गमती सांगत बसले. आबांना त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. पुढे चाळीस वर्षं दोघांची मैत्री राहिली, आमच्या लग्नांत ते जेवून गेले, आणि काही वर्षांपूर्वी ते वारले.

"विचारलं असतं तर बरं झालं असतं," आबा म्हणाले.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसताच आवाज करत होता. आई उठून पाणी भरायला गेली. भाचा, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काही तरी असतं, लॅपटॉपची वायर गुंडाळत बसला.

मला व्ही व्हायचं होतं, भाच्याला व्ही व्हायचंय. मालेगावचा मित्र त्या गाडीत बसला होता, आई एव्हीच्या कोठडीत होती. आणि आबांनी स्वतःला त्या सोफ्यावर ओळखलं. तो सोफा रिकामा होताना त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. वाटतं की आपण सगळेच बहुतेक वेळ तिथेच असतो, पण सिनेमा बघताना मात्र मुखवट्याच्या बाजूने टाळ्या वाजवतो.

दोन दिवसांनी बहीण धुळ्याला निघाली तेव्हा आबा पिशवी घेऊन तयार. "मीही येतो. वहिनी धुळ्यातच असतात मुलाकडे. भेटून येतो." केशर आंब्याची पेटी बरोबर घेतली.

संध्याकाळी मी फोन केला. तासभर बसले होते म्हणे, चहा झाला.

"बोलणं झालं का, आबा?"

"झालं ना," आबा म्हणाले. "गुडघेदुखीवर." मग जरा थांबून, "उद्या परत बोलावलंय त्यांनी. जाईन."