हुमल्यांतला आठ पायांचा

काजीवर चढायचं म्हटलं की आमच्या कुडाळ तालुक्यात पहिला प्रश्न एकच, "हुमले असत काय?" पानं शिवून घरटं करणाऱ्या ह्या तांबड्या मुंग्या अंगावर चढल्या की माणूस झाडावरून उतरत नाही, पडतो. म्हणून बी काढायच्या आधी आमचे काका चूड पेटवून घरटी जाळायचे. तसे हुमले उपकारकच; मोहोर शोषणाऱ्या ढेकण्याला ते काजीवर टिकू देत नाहीत. पण मानेला चावा बसल्यावर उपकार कोणाला आठवतात!

एका फाल्गुनात खालच्या फांदीला एक हुमला दुसऱ्या हुमल्याला तोंडात धरून हवेत लोंबकळताना दिसला. धाग्याला! हुमल्यांच्या घरट्यात रेशीम असतं खरं, पण ते अळ्यांचं. मोठी मुंगी धागा काढत नाही. मी ते दोघेही बाटलीत घेतले आणि काकांना दाखवले.

"हुमलोच तो. माका कित्याक दाखवतस?"

"काकानू, पाय मोजा."

काकांनी चष्मा पुसला, मोजले. आठ भरले.

भिंगातून बघताना मजा पुढे होती. ज्याला आम्ही डोकं समजत होतो ती त्याची पाठची बाजू. पोटाच्या टोकाला दोन काळे ठिपके, अगदी मुंगीच्या डोळ्यांसारखे. खरे डोळे दुसऱ्या टोकाला, आठ, दोन ओळींत. पायांची पुढची जोडी मिशांसारखी उचललेली. हुमल्याचं सोंग घेणारा दुसराही एक कोळी आपल्याकडे आहे, पण तो उड्या मारणाऱ्यांच्या कुळातला. त्याचे पुढचे दोन डोळे मोठे आणि कंबर मुंगीसारखी बारीक. ह्याला कंबरच नव्हती. म्हणजे हा खेकडा कोळ्यांच्या कुळातला, जाळं न विणता दबा धरणारा.

पुस्तकात नाव मिळालं: अमायसिया फॉर्टिसेप्स. ते १८७३ साली ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज ह्या इंग्रज पाद्र्याने जातीला दिलेलं. ह्या दोन्ही सोंगाड्यांच्या सवयींवर ए. पी. मॅथ्यू यांनी १९५४ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं आहे.

पण चित्राशी जुळलं म्हणजे जात ठरली असं कोळ्यांत होत नाही. प्रौढ जीव लागतो, आणि त्याच्या जननांगाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. म्हणजे आधी तो अल्कोहोलमध्ये बुडवायचा. बाटली दोन दिवस फळीवर होती. अल्कोहोलही घरात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडून त्याला त्याच फांदीवर सोडलं. अभ्यासकाने मारावं, त्याशिवाय शास्त्र पुढे जात नाही, हे मला मान्य आहे. मी अभ्यासक नव्हतो, मला फक्त नाव हवं होतं, आणि तेवढ्यासाठी जीव घेणं जास्त वाटलं. वहीत लिहिलं, 'अमायसिया, बहुधा फॉर्टिसेप्स.'

काका चूड घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "हुमले जळले तर हो खातलो काय?"

ते काही बोलले नाहीत. वरच्या सगळ्या काजी जाळून झाल्या, आणि वहाळाकडच्या त्या झाडापाशी येऊन त्यांनी चूड मातीत विझवली. त्या झाडाची बी त्या वर्षी आम्ही खाली पडेल तशी वेचली. काकी मात्र महिनाभर कुरकुरत होती, "एका कोळ्यासाठी!"