चाळीस डेसिबल गेले कुठे?

आमच्या औष्णिक वीज केंद्रात ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या, हॉपरवर (राख जमणाऱ्या नरसाळ्यावर) घणाचे इतके पोचे पडले होते, की पत्रा देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा दिसायचा. राख तुंबली की घण, हा एकच इलाज. म्हणून सॉनिक हॉर्न घ्यायचं ठरलं. दाबाच्या हवेने टायटॅनियमचा पडदा थरथरतो, तो आवाज भोंग्यातून आत शिरतो आणि कोरड्या राखेच्या कणांची पकड सुटते. "आवाजानं कुठं राख पडते का जी?" असं आमचा फिटर म्हणाला, तेव्हा मनातून मी त्याच्याच बाजूला होतो.

हॉर्न आला. कॅटलॉगात लिहिलं होतं : ७५ हर्ट्झ, १ मीटरवर १४७ डेसिबल. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत तो लावला आणि कानात प्लग घालून, मीटर धरून मी १० मीटरवर उभा राहिलो. भोंगा वाजला तसा खिशातला कागद फडफडला, बरगड्यांत ढोल घुमला. मीटरवर मात्र १०७! चाळीस डेसिबल कमी, म्हणजे दाब शंभरावा हिस्सा. पुरवठादाराला फोनवर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. त्याने मीटरचं बटण 'ए'वरून 'सी'वर नेलं. आकडा १२६. 'ए' हे माणसाच्या कानाच्या बेताचं माप. कान खर्ज कमी ऐकतो, म्हणून ७५ हर्ट्झला मीटरही वीस-पंचवीस डेसिबल कापतो. भोंग्यात वरचे सूर थोडे मिसळलेले असतात, त्यामुळे आमची कापणी १९वर थांबली. पण राखेला कुठे कान असतात! उरलेले २० अंतराने खाल्ले : मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ जातात, दहापट झालं की २०. बेरीज १४६. एका डेसिबलवरून मी भांडलो नाही.

भांडायला तोंडच नव्हतं. खरेदीच्या टिपणात मीच 'दोन हॉर्न लावल्यास डेसिबल दुप्पट' असं सहीनिशी लिहिलं होतं. दोन सारख्या हॉर्नचे वाढतात जेमतेम ३.

हॉर्न बसले. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद वाजू लागले, घण कोपऱ्यात गेला. पावसाळ्यात एका हॉपरचा हीटर बंद पडला आणि राख ओलावून दगडासारखी धरली. हॉर्न आपला वेळेवर वाजत होता. फिटरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घण आणायला गेला.