ग्रंथपाल बाईंचे तीन प्रश्न



आज एक कबुली देते. 2018 च्या जूनमध्ये "मुलं पळवणारी टोळी आलीय" हा मेसेज मीही पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. हेतू चांगलाच होता हो! पण दुसऱ्याच दिवशी आंबिवली स्टेशनबाहेर भीक मागणाऱ्या एका बाईकडे बघून माझ्याच वर्गातली मुलं कुजबुजली, "हीच असेल."

मग 1 जुलैला ती बातमी आली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. कारण काय, तर हीच अफवा. रात्रभर झोप लागली नाही मला.

आमच्या ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना वाचनालयात बोलावलं, टेबलांवर वर्तमानपत्रं पसरली आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: हे कोण सांगतंय? कधी, कुठे घडलं? आणखी कुठे छापून आलंय?

मुलं शोधायला लागली. तेव्हा कळलं, की देशभर फिरणारी एक क्लिप मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली होती! मुलांची काळजी घ्या, असं सांगणारा शेवट कापून कुणीतरी ती पसरवली होती. एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, मग स्टेशनवरच्या मावशींना आपण उगाच घाबरलो."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "मी पाठवलेला मेसेज खोटा होता. माफ करा."

हिटलरच्या काळात जर्मनी सोडावी लागलेल्या येला लेपमन या ज्यू बाई महायुद्ध संपल्यावर तिथे परतल्या. 1946 मध्ये त्यांनी देशोदेशीच्या बालपुस्तकांचं प्रदर्शन भरवलं आणि 1949 मध्ये म्युनिकला मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं केलं. कालच्या शत्रूंच्या गोष्टी वाचल्या तर मुलं एकमेकांना ओळखतील, हा त्यांचा विश्वास. आमच्या बाईंनीही दुसरं काय केलं? भीतीच्या जागी माहिती ठेवली.

आपल्याला लांब जायला नको. आंबिवलीहून कल्याण दोनच स्टेशनं, आणि तिथलं सार्वजनिक वाचनालय 1864 पासूनचं. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. आणि तुमच्या शाळेत ग्रंथपाल बाई असतील, तर त्यांना नुसती पुस्तकं मोजायला लावू नका. आठवड्यातला एक तास त्यांच्या हाती द्या.