आधी आलेली मुले

भोपाळचा थोरला तलाव राजा भोजाचा, अकराव्या शतकातला, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु त्याच्या शेजारचा धाकटा तलाव ज्याने १७९४ साली बांधविला, तो रियासतीचा दिवाण छोटेखान हा ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि नवाबाच्या महालात ‘चेला’ म्हणून वाढलेला होता, ही गोष्ट तलावाकाठच्या रस्त्याने नित्य जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या महालाची खरी धनीण मामोलाबाई. राजपूत कुळातून आलेली, नवाब यार महंमदखानाची ही पत्नी निपुत्रिक होती. परंतु सवतीचे मुलगे फैज महंमद आणि हयात महंमद यांना तिने आपले म्हणून वाढविले, एकामागून एक ते गादीवर आले तेव्हा कारभाराचा भार स्वतः वाहिला, आणि तिच्या शहाणपणाची कीर्ती एवढी टिकली की पुढे सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानाचा वृत्तांत लिहिताना तिचा मोठ्या आदराने उल्लेख केला. त्याच घरात गोंड कुळातला फौलादखान वाढला, आणि तो व छोटेखान असे दोघेही पुढे दिवाणगिरीपर्यंत पोहोचले. ज्या मुलांचे रक्त त्या घराण्याचे नव्हते त्यांच्या हाती राज्याची मोहोर द्यावी, हे औदार्य लहान नव्हे. तथापि त्या मुलांचा जन्मधर्म बदलताना कोणी त्यांना विचारले असेल असे मला वाटत नाही. आणि महालात आधीपासून असलेल्या मुलांना या नव्या भावांविषयी काय वाटले, हे तर कोणत्याच बखरीत लिहिलेले नाही.

हा दुसरा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, कारण माझे अवघे आयुष्य अशाच एका घरात गेले आहे.

१९५६ साली नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातील दप्तरांबरोबर तेथील शेकडो कारकुनांची बिऱ्हाडेही इकडे हलली; त्यांत माझ्या वडिलांचे एक होते. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले आणि भेलच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या एका विधुराशी माझे लग्न झाले. त्यांना पहिल्या पत्नीपासून एक मुलगा आणि एक मुलगी होती. आमच्या घरात बाहेरून कोण कोण आले याची मोजदाद लोक करतात तेव्हा ती भोपाळच्या वायुदुर्घटनेपासून करतात. मी मात्र ती स्वतःपासून करते. त्या दोन मुलांनी आपल्या दिवंगत आईच्या स्वयंपाकघरात मला शिरू दिले, तिची लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर असे ते मला दाखविले आणि काही महिन्यांनी, कोणी न सांगता, मला आई म्हणू लागली. घराने दत्तक घेतलेले पहिले माणूस मी होते. मग माझी मुलगी जन्मली.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वाऱ्याने तो छोला, जे. पी. नगर, काझी कॅम्प, रेल्वे स्टेशन या भागांवर नेला. पिपलानीकडची आमची वसाहत बचावली. शासनाने पुढे ३७८७ मृत्यू या दुर्घटनेशी निगडित असल्याचे प्रमाणित केले. परंतु शहरातल्या लोकांनी तो आकडा कधीच पुरता मानला नाही, आणि मीही मानत नाही. यजमानांच्या हाताखाली काम करणारा एक फिटर आणि त्याची बायको त्या रात्री दगावली. त्यांची दोन मुले, एक मुलगा आणि त्याच्या पाठची बहीण, म्हाताऱ्या नानीजवळ उरली, आणि नानीचे डोळे व छाती दोन्ही निकामी होत चालली होती. मुले आमच्याकडे येण्याचे ठरले तेव्हा तिने दोनच अटी घातल्या: मुलांची नावे बदलायची नाहीत, आणि नमाज सुटू द्यायचा नाही. यजमान दत्तसंप्रदायी, मार्गशीर्षात गुरुचरित्राचे पारायण करणारे. त्यांनी त्या अटी उभ्या उभ्या मान्य केल्या. घेतलेले वचन मोडले तर पारायण फुकट, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

परंतु वचन मोठ्या माणसांनी दिले तरी ते पाळण्याची पाळी लहानांवरच येते. आमच्या घराला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. देवघर पश्चिमेच्या भिंतीशी, पूर्वाभिमुख. ते माझ्या आधीच्या गृहिणीने तेथे मांडलेले आणि तिच्यामागे थोरल्याने जिवापाड जपलेले. नमाजासाठी इथून पश्चिमेकडेच तोंड करावे लागते. आलेला मुलगा चटई अंथरी तेव्हा समोर देव येत, आणि तो काही न बोलता चटई उचलून व्हरांड्यात थंडीत जाऊन उभा राही. मी आणि यजमान या प्रश्नाचा ऊहापोह रात्री कुजबुजत करीत होतो. गुरुजींना विचारावे, की पडदा लावावा, अशा तजविजी चालल्या होत्या. एके दिवशी संध्याकाळी मी बाजारातून आले तो थोरल्याने देवघर उचलून समोरच्या, पूर्वेकडच्या भिंतीशी नेलेले. त्याच्या आईने चौरंगाखाली रेखलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाची खूण जुन्या जागी फरशीवर तशीच उमटलेली होती. यजमानांनी खुलासा विचारला तेव्हा तो पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “देवाला कुठलीही भिंत चालते, बाबा. त्याला एकच चालते.”

आयुष्यात मी पुष्कळ कीर्तने ऐकली आणि मौलवीसाहेबांच्या तोंडून चांगली वचनेही ऐकली. परंतु श्रद्धा म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर आजही मला ते वाक्यच आठवते. आपल्या मृत आईच्या हाताची खूण असलेली जागा त्या मुलाने सोडली, आणि ती एका अशा मुलासाठी सोडली की ज्याची आई नुकतीच गेली होती. मी त्याला तसे करायला सांगू शकले नसते. सांगितले असते तर ती केवळ आज्ञा झाली असती.

ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. अजीगर्ताने शंभर गाईंच्या मोबदल्यात आपला मधला मुलगा यज्ञपशू म्हणून विकला. यूपाला बांधण्यासाठी आणखी शंभर आणि मारण्यासाठी आणखी शंभर गाई मागितल्या. देवांनी मुलाला बंधमुक्त केल्यावर तो जाऊन विश्वामित्राच्या मांडीवर बसला, आणि बाप परत न्यायला आला तेव्हा गेला नाही. कथेचा एवढा भाग सर्वश्रुत आहे. त्यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विश्वामित्र त्याला पुत्र मानून ज्येष्ठत्व देऊ करतो, तेव्हा हा पोर संतोषून गप्प बसत नाही. तुझ्या मुलांनी माझ्याशी सख्य मान्य करावे, असे तो मागतो. विश्वामित्राला एकशे एक मुलगे. वडील पन्नासांनी नकार दिला आणि ते शापित होऊन देशोधडीला गेले. मधला मधुच्छंदा आणि त्याच्या पाठचे पन्नास यांनी नव्या भावाला आपल्यापुढे चालू दिले. पन्नासांना दिलेला शाप मला पटत नाही. जागा सोडवत नाही म्हणून कोणा मुलाला घराबाहेर घालवावे, हा न्याय नव्हे. परंतु ज्याने ही कथा रचली त्याला एवढे निश्चित कळले होते की मांडीवर घेणे बापाच्या हाती असले, तरी भाऊ करून घेणे भावांच्याच हाती असते.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत आईबापांनी टाकलेल्या आणि दुसऱ्याने उचलून घेतलेल्या मुलालाही मनूने वारसांच्या पहिल्या सहांत स्थान दिले आहे. वसिष्ठ तर दत्तकानंतर औरस मुलगा झाला तर दत्तकाला चौथा हिस्सा मिळावा असे सांगतो. मालमत्तेचा इतका बारीक विचार झाला. घरातल्या मुलाच्या मनाचा झाला नाही. इंग्रजी अमलात आणि त्यानंतरही तोच क्रम चालला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यान्वये ज्याला मुलगा आहे त्याला मुलगा आणि जिला मुलगी आहे तिला मुलगी दत्तक घेता येत नाही. आमच्या घरी दोन्ही होती, आणि आलेली मुले मुसलमान, तेव्हा तो मार्ग दुहेरी बंद होता. उरला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्याखाली जिल्हा न्यायालयात दरखास्त दिली, हुकूमनामा मिळाला. त्यात आमची नावे, मिळकत, घराचे क्षेत्रफळ सर्व आले. मुलांचा पिता म्हणून त्यांच्या जन्मदात्याचेच नाव राहिले, आणि नानीला ते हवेच होते, कारण तिच्या धर्माचा दंडक असा की यतीमाला मायेने सांभाळावे, पण त्याला हाक त्याच्या बापाच्याच नावाने मारावी. मलाही तो दंडक योग्य वाटतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी सव्वाशेच्या आसपास बेवारस दिव्यांग लेकरांना स्वतःचे नाव पित्याच्या जागी दिले, ते ज्यांना कोणाचेच नाव नव्हते म्हणून दिले. जिथे बापाचे नाव उरले आहे तिथे ते पुसणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरणे आहे.

धाकटी पुढे आली, नव्वदीच्या दशकात, बैतूलकडच्या एका गावाजवळ सापडलेली. तिच्याबरोबर नाव आले नाही, भाषा आली नाही, देवही आला नाही. जी दोन मुले घरात सर्वांत शेवटी आली होती, ती आता आधी आलेल्यांत मोजली जाऊ लागली, आणि या वेळी जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. बहिणीने तिला निजताना कलमा शिकवायला घेतला. माझ्या मुलीने हरकत घेतली आणि शुभंकरोती शिकविण्याचा आग्रह धरला. दोघींत चांगलाच कज्जा झाला, अबोलाही झाला. यजमान म्हणाले, मूल ज्या घरात वाढते त्या घराचा धर्म त्याचा. नानी, जी शुक्रवारी येऊन व्हरांड्यात बसत असे, ती म्हणाली, मूल ज्या मातीतून आले तिचा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. शेवटी निवाडा मधल्याने, म्हणजे व्हरांड्यात चटई नेणाऱ्या त्या मुलाने, केला: तिला दोन्ही ऐकू दे, पण आपण कोणीही तिच्याकडून म्हणवून घ्यायचे नाही. ती काही वर्षे देवघरापुढेही बसली आणि चटईच्या कडेलाही बसली. मोठेपणी तिने यांतले काहीच नियमाने धरले नाही. परंतु दर ३ डिसेंबरला मधला आपल्या आईबापांच्या कबरींवर फातिहा पढायला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर तीच जाते. तिचे त्या कबरींशी रक्ताचे काही नाही. नाते आहे ते भावाशी.

खजुरी कलाँला, आमच्या वसाहतीपासून फार लांब नाही अशा जागी, बालग्राम आहे. ऑस्ट्रियात १९४९ साली हर्मान ग्मायनर यांनी जी योजना उभी केली तिच्याच धर्तीवर तेथे एकेका घरात एक आई आणि निरनिराळ्या ठिकाणची मुले भावंडे म्हणून राहतात, आणि सख्ख्या भावंडांची ताटातूट करायची नाही हा नियम पाळला जातो. तो नियम ज्याला सुचला त्याला मुलांचे मन कळत होते. सिंधुताई सपकाळांविषयी मला अपार पूज्यभाव आहे. अनाथांची आई होताना पोटच्या मुलीला झुकते माप जाऊ नये म्हणून त्यांनी तिला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या हवाली केले, तो त्याग करण्याची छाती माझ्यात नव्हती. परंतु आज या वयात मला वाटते की माझी मुलगी घरातून गेली असती तर ज्यांना मी आणले त्यांना आई मिळाली असती, बहीण मिळाली नसती. आठ वर्षांची ती पोर माझ्या कुशीतली जागा सोडून भिंतीकडे सरकली, ते रडत रडत सरकली, पण सरकली.

कायद्यालाही हे उशिरा का होईना उमगले. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने मुलगा असता मुलगा आणि मुलगी असता मुलगी घेण्याची आडकाठी दूर केली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग कोणत्याही धर्माच्या माणसास खुला असल्याचे स्पष्ट केले. आणि हल्लीच्या नियमावलीत दत्तकासाठी अर्ज करणाऱ्यांच्या घरी पाच वर्षांवरील मूल असेल तर त्याची संमती जोडावी लागते. हा शेवटचा कागद वकिलांच्या दृष्टीने किरकोळ आहे. माझ्या दृष्टीने ज्या घरात ती संमती मनापासून आली नाही, तेथे बाकीच्या कागदांचा फारसा उपयोग नाही.

यजमान गेल्यावर मी मृत्युपत्र करण्याचे मनावर घेतले, कारण पालकत्वाचा हुकूमनामा पाल्य सज्ञान होताच संपतो आणि वारसा मागे ठेवीत नाही. घर माझ्या नावाचे. सहा मुलांचे सहा समान हिस्से. वकिलांनी मसुदा आणला, त्यात कायद्याच्या रिवाजाप्रमाणे आधी पोटची मुलगी, मग सावत्र मुले, मग तीन पाल्य, अशी वर्गवारी होती. मी तो मुलीला वाचायला दिला. तिने वर्गवारीचे मथळे खोडले, समासात सर्वांची जन्मसाले लिहिली आणि त्याप्रमाणे नावांचा क्रम लावून कागद परत पाठविला. नव्या मसुद्यात मधल्याचे नाव तिच्या नावाच्या आधी आले आहे, कारण तो तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठा आहे.