मुरलेलं पाणी

शाळेचा नकाशासंग्रह हाताशी असेल तर उघडा बघू. युरोपचं पान काढा. अगदी वर, उत्तरेला, समुद्राच्या काठाकाठानं लांबच लांब पसरलेला देश दिसतो ना? तो नॉर्वे. त्याचा किनारा नीट बघा. उंदरानं कडा कुरतडावी तसा दिसतो! समुद्राचे चिंचोळे हात डोंगरांमधून आत आत शिरले आहेत. त्यांना तिकडे फ्योर्ड म्हणतात. अशाच एका फ्योर्डच्या काठी, ६३ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, एक शहर सापडेल. त्याचं नाव ट्रॉन्डहाइम. आज आपल्याला तिथे जायचंय.

गरम कपडे घ्या बरं का! डिसेंबरच्या अखेरीला गेलात तर सकाळी दहाला सूर्य उगवेल आणि दुपारी अडीचला मावळेलसुद्धा. जूनमध्ये गेलात तर रात्रीचे साडेअकरा वाजत आले तरी तो आकाशातच. इतक्या उत्तरेला असूनही बंदर मात्र गोठत नाही, कारण अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह या किनाऱ्यापर्यंत पोचतो. शहरातून निदेल्वा नदी वाहते. तिच्या काठाला लाकडी खांबांवर लाल-पिवळी जुनी गोदामं उभी आहेत. एका चढाच्या रस्त्यावर तर १९९३ साली चक्क सायकलस्वारांना ढकलत वर नेणारी लिफ्ट बसवली! आपल्या घाटातल्या गावांना ही कल्पना कोणी कळवायला हवी.

शहरात शिरण्याआधी पश्चिमेकडच्या हित्रा बेटावर जाऊन येऊ. १९९४ साली सुरू झालेल्या बोगद्यातून गाडी समुद्राच्या पोटाखालून जाते, तेही पाण्याच्या पातळीच्या २६४ मीटर खाली. या बेटावर १९७० मध्ये दोन भावांनी समुद्रात तरंगते पिंजरे बांधून त्यांत सॅमन माशांची पिल्लं सोडली. आपल्याकडे कोंबड्या पाळतात तसे मासे पाळायचे! प्रयोग साधला आणि किनारभर असे पिंजरे झाले.

पण दाटीवाटीनं राहिलं की साथ आलीच. दहाएक वर्षांतच सॅमन मरू लागले. अंगात रक्तस्राव होऊन मासे पटापट दगावत. रोगाला नावच पडलं ‘हित्रा रोग’. कारण होतं थंड पाण्यात वाढणारा एक जिवाणू. मग खाद्यात अँटिबायोटिक औषधं मिसळायला सुरुवात झाली. १९८७ साली नॉर्वेत माशांसाठी सुमारे ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं आणि तेव्हा पाळलेले मासे होते साधारण ५० हजार टन. करा भागाकार. टनामागे एक किलो औषध! अशा औषधांचा फार मारा झाला की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात, आणि ती धास्ती माशांपुरती राहत नाही. पुढे लसी निघाल्या. आज नॉर्वे वर्षाला दहा लाख टनांहून जास्त सॅमन पिकवतो, आणि अँटिबायोटिक लागतं एका टनापेक्षाही कमी.

मग प्रश्न सुटला की! नाही ना. लस कोणाला देता येते? ज्याचं शरीर तिला ओळखू शकतं त्याला. कॉड, हॅलिबट, टर्बट हे समुद्री मासे अंड्यातून बाहेर येतात तेव्हा जेमतेम काही मिलिमीटरचे, पारदर्शक, पापणीच्या केसासारखे असतात. पोटात जठर नाही, साधी सरळ नळी. रोगाशी लढायची ताकद अजून तयारच व्हायचीय. एक कॉड मादी लाखो अंडी घालते, पण टाक्यांमध्ये ही पिल्लं हजारांनी मरत. एका टाकीतली जगत आणि शेजारच्या टाकीतली, तेच पाणी, तेच खाद्य मिळूनही, संपत. कुठंतरी पाणी मुरत होतं खास!

आता ट्रॉन्डहाइमला परत येऊ. बंदराला लागूनच सीलॅब नावाची प्रयोगशाळा आहे. नॉर्वेजियन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातले संशोधक तिथे माशांच्या टाक्यांवर काम करतात. त्यांतले एक ओलाव वाडस्टेइन. गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात माशांपासून केली नव्हती. आधी ते तलावांतले जिवाणू फॉस्फरस कसा वापरतात, याचा अभ्यास करत. पाण्यात कोण राहतं, कोणाला किती खायला मिळतं, कोण कोणाला मागे टाकतं, हीच त्यांची सवयीची नजर. तीच त्यांनी टाकीकडे वळवली.

एक चहाचा चमचा घ्या. तो समुद्राच्या पाण्यानं भरला तर त्यात जिवाणू किती असतील? साधारण पन्नास लाख! एवढे बघितल्यावर कोणालाही वाटेल, मारून टाका सगळे आणि मग पिल्लं सोडा. मासे पाळणारे तेच करत. पाणी गाळायचं, जंतू मारायचे, टाकी लख्ख. तरी पिल्लं मरतच.

का? तुमच्या गावाजवळचं एखादं रिकामं, उकरलेलं माळरान आठवा. पहिला पाऊस पडला की तिथे आधी काय उगवतं? आंबा? वड? छे! टाकळा! बघता बघता सगळीकडे टाकळाच टाकळा. मोकळी जागा आणि आयतं अन्न मिळालं की झटपट वाढणाऱ्यांचं फावतं. जिवाणूंचंही तसंच. टाकीत उरलेलं खाद्य, पिल्लांची घाण, मेलेली अंडी, म्हणजे अन्न भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही. एका जिवाणूचे दोन व्हायला तासभर लागतो असं धरा. चोवीस तासांत एकाचे किती होतील? वहीत दुप्पट करत जा. उत्तर येईल १,६७,७७,२१६. असे उतावळे जिवाणू सगळेच वाईट असतात असं नाही, पण पिल्लांना अपाय करणारे बरेचसे याच जातकुळीतले.

मग वाडस्टेइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक उलटी वाट सुचवली. जिवाणू मारण्याऐवजी चांगल्या, धिम्या जिवाणूंना आधी बसू द्या! समुद्राचं पाणी गाळून घ्यायचं आणि पिल्लांना देण्याआधी एका मोठ्या फिल्टरमधून जाऊ द्यायचं. या फिल्टरमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे असतात आणि त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढलेला असतो. पाण्यातलं फुकटचं अन्न हे जिवाणू आधीच संपवतात. जे थोडक्यात भागवतात, सावकाश वाढतात, तेच पाण्यात टिकतात. उतावळ्यांना शिरायला फट राहत नाही. लोणचं मुरू देतात ना, तसं हे पाणी मुरू द्यायचं. घरचं विरजण आठवलं तरी चालेल. दुधात दह्याचे जिवाणू एकदा बसले की भलत्या कोणाची डाळ सहसा शिजत नाही.

१९९७ मध्ये योरुन शेर्मो आणि त्यांच्या सोबत्यांनी या प्रयोगाचे निकाल छापले. मुरलेल्या पाण्यात हॅलिबटची पिल्लं जास्त जगली आणि टर्बटची जोमानं वाढली. नंतर कॉडच्या पिल्लांवरही प्रयोग झाले. तेच ते पाणी फिल्टरमधून फिरवत पुन्हा वापरलेल्या टाक्यांत पिल्लं सतत ताजं पाणी मिळणाऱ्या टाक्यांपेक्षा बरी राहिली. वापरलेलं पाणी ताज्यापेक्षा सरस! ऐकायला विचित्र वाटतं, पण टाकळ्याचं माळरान आठवलं की पटतं.

आता पिल्लाच्या पोटात डोकावू. अंड्यात असताना त्याचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. तोंड उघडलं की ते पाणी पिऊ लागतं आणि पाण्याबरोबर पाहुणे आत येतात. थोड्या दिवसांनी खाद्य म्हणून दिलेले सूक्ष्म प्राणीही आपापले जिवाणू घेऊन येतात. मग जे पाण्यात तेच पोटात असणार, नाही का? इंग्रिड बाक्के आणि त्यांच्या गटानं कॉडच्या पिल्लांचे जिवाणू तपासले, तर ते पाण्याशीही तंतोतंत जुळेनात आणि खाद्याशीही. पिल्लू जसं मोठं होई तशी ही वस्तीही बदले. म्हणजे एवढासा जीव, पण दारात आलेल्या सगळ्यांनाच काही तो ठेवून घेत नाही!

ही निवड होते कशी? ते शोधायला ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेत सॅमनची अंडी बाहेरून जंतुमुक्त करून बिनजिवाणूंच्या पाण्यात उबवतात. सॅमनच्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची नारिंगी पिशवी असते. कित्येक आठवडे तीच त्याची शिदोरी, त्यामुळे बाहेरचं खाणं द्यावं लागत नाही आणि खाण्याबरोबर कोणी आत शिरतही नाही. मग बाटलीतल्या त्या पिल्लांच्या पाण्यात एकच ओळखीचा जिवाणू सोडायचा आणि तो पोटात राहतो की निघून जातो ते बघायचं. मग दुसरा. मग तिसरा.