भरवसा म्हणजे हमी नव्हे

तवक्कुल या शब्दाचा आपण फार सोपा अर्थ करून ठेवला आहे. अल्लाहवर सोपवलं की काळजी मिटली, असा. वर्गात हा शब्द आला की मुलं पाठ केल्यासारखी 'भरवसा' असं उत्तर देतात. पण भरवसा कशाला म्हणायचं, हे मला नीट कळलं ते वसईच्या एका ख्रिस्ती आईकडून.

त्या माझ्या शाळेतल्या सहकारी. त्या गणित शिकवतात, मी उर्दू आणि मराठी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना टीचर म्हणते. त्यांचा मोठा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये. वसईत, गोव्यात अशी घरं पुष्कळ. आमच्या कोकणी मुसलमानांतही आहेत. माझे आजोबा बोटीवरच होते. त्यामुळे मुलगा समुद्रावर असला की घरात काय चालतं, हे मला सांगावं लागत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूथींनी लाल समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. त्यावरचे २५ खलाशी सुटले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. पाठोपाठ ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. बऱ्याच कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला, पण सगळ्यांनी नाही. टीचरच्या मुलाचं जहाज त्याच रस्त्याने जात राहिलं.

६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी खलाशी मरण पावले. वाचलेल्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने जिबूतीला पोहोचवलं. टीचरच्या मुलाचं जहाज ते नव्हतं, पण त्याच पाण्यात होतं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलणं होत नव्हतं. त्या दोन दिवसांत टीचरनी एकही तास बुडवला नाही. डबा मात्र तसाच घरी परत नेला.

माझी अडचण वेगळी होती. ही क्षेपणास्त्रं डागणारे अल्लाहचं नाव घेऊन ती डागत होते आणि गाझासाठी करतो असं सांगत होते. गाझातल्या लेकरांसाठी मीही दुआ करते. पण पोटासाठी घर सोडलेल्या फिलिपिनो खलाशाने गाझाचं काय बिघडवलं होतं? एका निरपराध माणसाला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं, ही कुरआनची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. स्टाफरूममध्ये टीचरच्या समोर बसताना ते सगळं घशाशी यायचं. टीचर मात्र 'तुमचे लोक' असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मुलाचा मेसेज आला. त्यानंतर मी त्यांना विचारलं, "टीचर, या दोन दिवसांत देवाकडे काय मागितलंत?"

"अगं, त्याला काही होऊ देऊ नको, हेच. आई दुसरं काय मागणार? पण देवाने माझं ऐकलंच पाहिजे, असं मी धरून बसले नाही. मारियाचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गेला. माझ्याशी देव वेगळा करार कशाला करेल? तो माझ्याआधी देवाचा आहे, एवढंच मी स्वतःला सांगते."

ईसा अलैहिस्सलाम यांच्या क्रुसाबद्दल आमची श्रद्धा वेगळी आहे. ते मला माहीत आहे आणि टीचरनाही. तरी त्यांचं बोलणं मला परकं वाटलं नाही. वसईच्या आयांना हे जुनंच आहे. इथलेच गोन्सालो गार्सिया जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. आज ते संत आहेत, पण तेही कुणाचे तरी परत न आलेले मुलगेच होते.

मला हजरत याकूब आठवले. सूरह यूसुफमध्ये ते मुलांना मिसरला पाठवताना बजावतात, की सगळे एकाच दरवाजातून शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. आणि लगेच हेही सांगतात की अल्लाहच्या हुकमापुढे माझं काही चालणार नाही, भरवसा त्याच्यावरच. खबरदारी आणि तवक्कुल एकाच दमात. हेच याकूब यूसुफसाठी इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले. नबी असून रडले. त्यांच्या ईमानात त्यामुळे काही कमी आलं नाही.

टीचरनीही खबरदारी सोडली नव्हती. पुढच्या करारावर सही करण्याआधी जहाज कुठल्या मार्गाने जाणार ते विचार, धोक्याच्या पाण्यात जायचं नसेल तर स्पष्ट सांग, म्हणून त्या मुलाच्या मागे लागल्या. त्याने पगार थोडा कमी घेऊन दुसरं जहाज धरलं. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही आमच्या पैगंबरांची (स.) शिकवण. टीचरनी ती कधी ऐकली नसेल, पण पाळली.

मध्यंतरी त्यांनी मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचायला दिलं. त्यातल्या १२१व्या स्तोत्रात देव राखणदार आहे आणि त्याला झोप येत नाही. आयतुल कुर्सीतही अल्लाहला ना डुलकी लागते ना झोप. मी ते टीचरना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आपल्याला तरी झोपता येईल."

या जूनमध्ये माझी मुलगी नर्सिंगसाठी पुण्याला जाते आहे. तिथे क्षेपणास्त्रं नाहीत. रात्रीची एसटी आहे, हॉस्टेल आहे, अनोळखी शहर आहे. हॉस्टेलची चौकशी मी करून आले, वॉर्डनचा नंबर घेतला. आता रोज इशानंतर तिच्यासाठी दुआ करते, आणि त्याच दुआत समुद्रावरच्या साऱ्या लेकरांसाठी. ती सुखरूप राहीलच, असं वचन मी अल्लाहकडे मागत नाही. ती त्याची अमानत आहे, एवढं मला रोज आठवत राहो, असं मागते. डोळे मात्र अजून भरून येतात.