अब्बांचं लंडन

पावण्यातल्या आमच्या घरात टीव्हीच्या वर अब्बांचा एक फोटो आहे. कोट घातलेले, केस तेल लावून मागे वळवलेले अब्बा आणि त्यांच्या पाठीमागे लंडनचा टॉवर ब्रिज. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या हातचं उर्दूत लिहिलेलं आहे : लंदन, 1974. माझा जन्म व्हायला तेव्हा बरीच वर्षं होती. लहानपणी मैत्रीण घरी आली की पाणी विचारायच्या आधी मी तिला हा फोटो दाखवायची.

अब्बा रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. आम्हा कोकणी मुसलमानांत यात नवल काही नाही. एकेका मोहल्ल्यातले निम्मे पुरुष बोटीवर आणि उरलेले बोटीवर जायच्या वयाची वाट बघणारे, असा तो काळ. जहाज सुटल्यावर त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली, म्हणून आम्ही पावण्याला आलो आणि इथलेच झालो. बोटीबद्दल ते फारसं बोलत नसत. खोदून विचारलं तर म्हणायचे, "पाणी आणि काम. दुसरं काय असतं बोटीवर?" त्यामुळे आमचा सगळा परदेश त्या एका फोटोत मावलेला होता.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी लंडनला गेले. धाकटी बहीण तिकडे असते. तीन वर्षं पैसे साठवत होते. निघताना अम्मीने एकच काम सांगितलं : "अब्बा उभे होते, तिथंच उभी राहून फोटो काढ." मी भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि निघाले.

पहिले चार दिवस सगळे करतात तेच केलं. बिग बेनसमोर फोटो, लाल बससमोर फोटो, कबुतरांना हाकलत फोटो. (बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाव 2012पासून एलिझाबेथ टॉवर, हे माझ्यातल्या मास्तरणीने तिथेही भाचीला ऐकवलंच.) चांगला आला नाही म्हणून पुन्हा काढायचा, पुन्हा काढलेला आधीच्यापेक्षा वाईट, मग दोन्ही ठेवायचे. चौथ्या रात्री मोजले तर साडेआठशे झाले होते.

पाचव्या दिवशी टॉवर ब्रिज. चौदा वर्षांची भाची सोबत होती. नदीच्या दक्षिण काठावर आम्ही एक जागा बघितली, दुसरी बघितली, पूल काही अब्बांच्या फोटोसारखा बसेना. शेवटी भाचीने माझ्या मोबाइलवरचा जुना फोटो दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिली.

"खाला, हा पडदा आहे."

मी बघितलं. आभाळातून निघालेली एक घडी सरळ मनोऱ्यातून खाली येऊन पाण्यात उतरत होती. कापडाची घडी. चाळीस वर्षं मी तो फोटो बघत होते आणि ती रेघ मला काचेवरचा ओरखडा वाटत होती. स्टुडिओत रंगवलेले पडदे असायचे, आग्र्याचा ताज असायचा, विमान असायचं, तसाच हा पूल. फोटो मुंबईतलाच असणार.

खरं सांगते, मला राग आला. त्या क्षणी पुलाचा नाही, अब्बांचा. मैत्रिणींना दाखवलेलं सगळं आठवलं. शाळेत 'माझे वडील' या निबंधात मी हा पूल लिहिला होता, तोही आठवला.

बाजूच्या बाकावर बसले. भाची बिचारी आपलं काही चुकलं की काय अशी गप्प. मग मला पत्रं आठवली. अब्बांची चारपाच पत्रं अम्मीच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, निळी, उर्दूत. त्यांच्यात एका ठिकाणाचं नाव यायचं. उर्दूत जेर-जबर कोणी लिहीत नाही, अक्षरं तेवढी : टे, लाम, बे, रे, ये. मी लहानपणापासून ते 'टलबरी' वाचत आले. कुठलंसं गाव असेल. आता एवढी वर्षं मुलांना उर्दू शिकवतेय, आणि ते 'टिलबरी' असेल हे कधी डोक्यात आलं नाही. भाचीने नकाशावर टाकलं. लगेच सापडलं. लंडनच्या पूर्वेला, थेम्स जिथे समुद्राकडे रुंद होत जाते तिथलं बंदर.

शहरातल्या जुन्या गोद्या 1967पासून एकेक बंद होत गेल्या आणि कंटेनरची कामं टिलबरीकडे सरकली. अब्बांचं जहाज लंडनला लागायचं ते असं. लंडनच्या कागदावर, लंडनपासून चाळीसेक किलोमीटरवर.

तिथूनच चालत फेनचर्च स्ट्रीट स्टेशनवर गेलो. वाटेत टॉवर हिलला व्यापारी जहाजांवरच्या, दोन महायुद्धांत बुडून मेलेल्या खलाशांचं स्मारक लागतं. 36 हजारांच्या आसपास नावं. मी आपली नावं शोधायला लागले. पण हिंदी खलाशांची आठवण या दगडांवर ठेवलेली नाही, पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक आपल्या मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. 1914 साली ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांवर लस्कर होते. मस्जिद बंदरवरून मी शेकडो वेळा गेले असेन.

ट्रेनमध्ये आतिया फैजींचा विचार येत होता. जंजिऱ्याच्या नाझली बेगमच्या या बहिणीने 1906 साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडन गाठलं, आणि कशासाठी, तर शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात! बी.एड. करताना आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. तिथलं रोजचं जगणं त्या बहिणीला, जोहराला, उर्दूत लिहून पाठवत होत्या. ते 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून आलं आणि 1921ला 'जमाना-ए-तहसील' नावाने पुस्तक झालं. त्यांच्या लंडनमध्ये मेजवान्या आहेत, विद्वान आहेत, इक्बालांची भेट आहे. अब्बांच्या पत्रांत थंडी आहे, पगार आहे, आणि मनीऑर्डर मिळाली का हा प्रश्न आहे. दोघांची भाषा एक, नदी एक. माझ्याकडे साडेआठशे फोटो आणि लिहिलेली ओळ एकही नाही.

टिलबरी टाउनला उतरून नदीपर्यंत चालत गेलो. बघण्यासारखं काही नाही. तारेचं कुंपण, ट्रकची रांग, कंटेनर, राखाडी पाणी, पलीकडे ग्रेव्हसेंड. आपल्या ठाणे खाडीची भरती ओसरल्यावर येतो तसलाच चिखलाचा वास. 1948 साली वेस्ट इंडीजची माणसं घेऊन 'विंडरश' जहाज इथेच लागलं. प्रवासी उतरायच्या जुन्या पुलाच्या काचांवर एका कलाकाराने 2020मध्ये त्या माणसांचे फोटो लावलेत. तो पूल त्या दिवशी बंद होता. खालून मान वर करून काचा तेवढ्या दिसल्या. जहाज लागलं तरी खलाशाचं काम थांबत नाही. दोरखंड, रंग, साफसफाई. एक दिवस मोकळा मिळाला तरी ट्रेनचं भाडं आणि घरची मनीऑर्डर यांत अब्बांनी काय निवडलं असेल, ते मला विचारावं लागलं नाही. कुंपण आणि पाणी असा एकच फोटो काढला. भाची म्हणाली, तू उभी राहा. नाही राहिले.

घरी आल्यावर अम्मीला मोबाइलवर सगळं दाखवलं. नातवंडांपाशी ती थांबायची, इमारती सरकवायची. टिलबरीचा फोटो आला. "यात माणूस कोणच नाही?" मी म्हटलं, "अम्मी, अब्बांची बोट इथं लागायची." तिने चष्मा पुसला आणि परत बघितला. मग मी पडद्याचं कसं काढावं याचा विचार करत होते, तर तीच भिंतीकडे बघून म्हणाली, "तो कोट तुझ्या मोठ्या मामूचा. निकाहासाठी शिवलेला. बाह्या आखूड होत होत्या, म्हणून हात मागे बांधून उभे राहिले."

मामू उभ्या आयुष्यात मुंबईबाहेर गेले नाहीत.

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू तर सगळ्यांना दाखवत सुटायचीस." आणि मग, "तिथं थंडी होती का गं? बोटं फुटतात म्हणून लिहायचे."

मे महिना होता, पण वाऱ्यात थंडी होती, असं मी सांगितलं. तिने पुन्हा मोबाइल मागितला.

टिलबरीचा फोटो छापून आणलाय. फ्रेमवाला तुर्भ्याला बसतो, या रविवारी जायला हवं.